प्रयोगाच्या शेतातला पहिला हंगाम: नव्या कृषी सहायकासाठी

शेतकऱ्याच्या घरातली पोरं कृषी पदविका घेऊन संशोधन केंद्रावर रुजू होतात, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांना एक गोष्ट खटकते. घरच्या शेतात एखादा कोपरा पिवळा पडला की आपला हात आपोआप चालतो. मूठभर युरिया पडतो, एक पाणी जास्त दिलं जातं. इथे तोच पिवळा तुकडा डोळ्यांसमोर असतो आणि साहेब सांगतात, "त्याला हात लावायचा नाही." कारण तो तुकडा बिनखताचा प्लॉट असतो. तो पिवळा पडला नाही, तर शेजारच्या हिरव्या प्लॉटला खताने काय दिलं हे कधीच कळणार नाही.

घरच्या शेतीत वीस वर्षं काढलेल्या माणसालाही हे अंगवळणी पडायला एक हंगाम लागतो. हा लेख त्या पहिल्या हंगामासाठी आहे. उदाहरण मी रब्बी गव्हाच्या प्रयोगाचं घेतलं आहे, कारण माझ्या हाताला तेच जास्त बसलेलं आहे. पीक बदललं की अंतरं आणि खताच्या मात्रा बदलतात, कामाची रीत तीच राहते.

आधी हे समजून घ्या की तुम्ही कुठे आलात

गावपातळीवर काम करणारा कृषी विभागाचा माणूस, ज्याला 2025 पर्यंत कृषी सहायकच म्हणत, तो वेगळा आणि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचा, म्हणजे प्रयोगाच्या शेतावरचा, वेगळा. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत आणि त्यांची संशोधन केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली आहेत. त्यांशिवाय केंद्र सरकारच्या संस्था आहेत: राजगुरुनगरला कांदा-लसूण, नागपूरला कापूस आणि लिंबूवर्गीय फळं, सोलापूरला डाळिंब, पुण्याजवळच्या मांजरी गावात द्राक्ष. बियाणे कंपन्यांची प्रक्षेत्रंही आहेत. पदाचं नाव कुठे कृषी सहायक, कुठे तांत्रिक सहायक, कुठे प्रकल्पावरचा कंत्राटी माणूस. शेतातलं काम जवळपास सारखंच.

या कामातून काय उभं राहतं ते सांगतो. रब्बी ज्वारीची मालदांडी 35-1 मोहोळच्या केंद्रावर निवडीतून आली आणि आजही सोलापूरकडे भाकरीसाठी तिचंच नाव घेतात. को 86032 हा ऊस कोइमतूरचा. पाडेगावच्या केंद्रावर तपासून तो आपल्याकडे 1996 साली नीरा या नावाने दिला गेला, आणि राज्याचा साखर हंगाम त्याने कितीतरी वर्षं पेलला. गव्हाच्या त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती या वाणांमागे निफाडचं केंद्र आहे. या प्रत्येक नावामागे कुणीतरी पहाटे दवात उभं राहून फुटवे मोजलेले आहेत. त्या माणसाचं नाव कुठल्या अहवालात सापडत नाही, पण त्याने चुकीचं मोजलं असतं तर वाण चुकीचा निवडला गेला असता. तुमची जागा ती आहे.

पहिला आठवडा: कागद आणि पाय

रुजू झाल्यावर सर्वांत आधी शास्त्रज्ञांकडून त्या हंगामाचा तांत्रिक कार्यक्रम मागून घ्या. त्यात प्रयोगाचं शीर्षक, ट्रीटमेंट (तपासायचे वाण किंवा मात्रा) किती, रेप्लिकेशन (त्या सगळ्यांची पुनरावृत्ती) किती, प्लॉटचा आकार, पेरणीचं अंतर, खतमात्रा आणि कोणती निरीक्षणं कोणत्या दिवशी घ्यायची हे सगळं असतं. तो दोनदा वाचा. जे कळलं नाही ते त्याच दिवशी विचारा. पेरणीच्या सकाळी विचारलं तर उत्तर घाईत मिळतं, आणि घाईतलं उत्तर चुकतं.

मग प्रक्षेत्राचा नकाशा घेऊन प्रत्येक गट पायी फिरा. सोबत जुना मुकादम असावा. कुठे चोपण आहे, कुठे मुरूम वर आला आहे, पाणी कुठे साचतं, कुठल्या बांधावरच्या लिंबाची सावली दुपारी आत येते, हे त्याला नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. मागच्या दोन-तीन हंगामांत त्या गटात काय होतं तेही लिहून घ्या. मागे तिथे खताचा प्रयोग झाला असेल, तर त्याच्या खुणा जमिनीत राहतात आणि तुमच्या गव्हात पट्टेपट्टे दिसतात. म्हणून अशा गटात मधला एक हंगाम सगळीकडे एकच पीक सारखं घेऊन जमीन सपाट करून घेतात. आमच्याकडे त्याला बल्क घेणं म्हणतात.

पेरणीआधी मातीचा नमुना. नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा घ्या, सुमारे 20 सेंटिमीटर खोल, आणि त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत काढा. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाच्या जागी नमुना घ्यायचा नाही. सगळी माती एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरलेली मी पाहिली आहे. त्या नमुन्याचा अहवाल मग गोणीचा असतो.

ले-आऊट: दोरी, खुंट्या आणि काटकोन

प्रयोगात 8 वाण आणि 3 रेप्लिकेशन आहेत असं धरू. म्हणजे 24 प्लॉट. प्रत्येक प्लॉट 4.5 मीटर रुंद आणि 4 मीटर लांब. शास्त्रज्ञ त्याला आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणतील. त्याचा अर्थ एवढाच, की एका रेप्लिकेशनमध्ये आठही वाण एकदा येतात आणि त्यांची जागा चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरते.

रेप्लिकेशन कसं आडवं घालायचं हे जमीन ठरवते. शेताला ओढ्याकडे उतार असेल, तर वरची पट्टी कोरडी आणि खालची ओलसर राहणार. एक रेप्लिकेशन संपूर्ण वरच्या पट्टीत, दुसरं मध्ये, तिसरं खाली, असं बसवलं की आठही वाणांना प्रत्येक पट्टीत सारखी संधी मिळते. उलटं बसवलं, म्हणजे एकेक रेप्लिकेशन उतारावर उभं टाकलं, तर त्याचे काही वाण कोरड्यात आणि काही ओलीत पडतात. पुढचं गणित कितीही चांगलं केलं तरी ते भरून निघत नाही. तुमच्या फिरतीतली माहिती शास्त्रज्ञांना इथे सांगा. ते महिन्यातून चारदा शेतात येतात, तुम्ही रोज असता.

आता प्रत्यक्ष काम. बांधाला समांतर एक आधाररेषा घ्या आणि दोरी ताणून दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. एका टोकाला काटकोन काढायचा. रेषेवर 6 मीटरवर खूण, आडव्या दिशेला 8 मीटरवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर 10 मीटर येईपर्यंत आडवी दोरी सरकवा. 3, 4, 5 ने पण जमतं, पण अंतर जेवढं मोठं तेवढी चूक कमी.

दोन प्लॉटमध्ये 60 सेंटिमीटरचा बांध धरला तर 8 प्लॉटची रांग 40.2 मीटर होते. तीन रेप्लिकेशन आणि मधले दीड-दीड मीटरचे दोन पाट मिळून दुसरी बाजू 15 मीटर. चारही कोपरे ठोकून झाले की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 42.91 मीटरच्या जवळ आले पाहिजेत. एक कर्ण मोठा आणि एक लहान आला, तर आकृती तिरकी झाली आहे. मजुरांना बसवून ठेवून दोरी पुन्हा लावा. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. शेवटच्या प्लॉटला जागा पुरेना, तेव्हा मला ते कळलं आणि 24 प्लॉटच्या खुंट्या उपटाव्या लागल्या.

मोजपट्टी कापडी असेल तर ती ताणते आणि ओली झाली की आणखी बदलते. स्टीलची किंवा फायबरची वापरा, आणि एका प्रयोगाला एकच पट्टी.

प्लॉटचे क्रमांक 101 ते 108, 201 ते 208, 301 ते 308 असे द्या. पहिला आकडा रेप्लिकेशनचा. खुंटीवरच्या लेबलावर प्लॉट क्रमांक आणि ट्रीटमेंट क्रमांक दोन्ही लिहा आणि ते दक्षिणेकडे तोंड करून लावू नका, उन्हाने शाई उडते. लेबलं चोरीला जातात, बैल उपटतात, पोरं खेळायला नेतात. म्हणून नकाशाची एक प्रत ऑफिसात, एक फील्डबुकात आणि एक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. नकाशावर उत्तर दिशा आणि एखादी हलणार नाही अशी खूण, विहीर किंवा विजेचा खांब, दाखवलेली हवीच. लेबलं गेलेल्या शेतात नुसता नकाशा घेऊन उभं राहिलं आणि सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून हेच ठरेना, तर तो नकाशा काय कामाचा?

खत आणि बियाणं: सगळं ग्रॅममध्ये

घाबरायचं काही नाही. एक किल्ली लक्षात ठेवा: हेक्टरी किलोला 10 ने भागलं की चौरस मीटरला ग्रॅम मिळतात.

बागायती वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 40 किलो पालाश धरा. आपला प्लॉट 18 चौरस मीटर. नत्र चौरस मीटरला 12 ग्रॅम, म्हणजे प्लॉटला 216 ग्रॅम. युरियात 46 टक्के नत्र असतं, तेव्हा युरिया 470 ग्रॅम. त्यातला अर्धा, 235 ग्रॅम, पेरणीला आणि अर्धा तीन आठवड्यांनी. स्फुरद प्लॉटला 108 ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते 16 टक्के, म्हणून 675 ग्रॅम. पालाश 72 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅशमधून 120 ग्रॅम. पोत्यावरचे टक्के वाचूनच गणित करा. कुठल्या वर्षी सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी येतं, मग त्यातलं नत्र युरियातून वजा करावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

बियाणं हेक्टरी 100 किलो, म्हणजे प्लॉटला 180 ग्रॅम. ओळीतलं अंतर 22.5 सेंटिमीटर, तेव्हा साडेचार मीटर रुंदीत 20 ओळी आणि ओळीला 9 ग्रॅम. प्रत्येक ओळीची पुडी वेगळी बांधा. 24 प्लॉटच्या 480 पुड्या होतात, दोन दिवस जातात आणि बोटं दुखतात, पण याला पर्याय नाही. प्लॉटची एकच पुडी देऊन "पुरवून टाका" म्हटलं, तर पहिल्या पाच ओळी दाट आणि शेवटच्या चार विरळ येतात.

एक सवय पक्की करा. खताच्या आणि बियाण्याच्या पिशव्या आदल्या संध्याकाळी भरून, लेबल लावून, प्लॉटच्या क्रमाने टोपल्यात लावून ठेवा. सकाळी सगळ्या पिशव्या आपापल्या प्लॉटच्या खुंटीजवळ मांडा आणि पुडी फोडण्याआधी नकाशा घेऊन एक पूर्ण फेरी मारा. एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने पिशवीवरचा बोलायचा. चूक अजून पिशवीत असते तोवर ती दुरुस्त होते.

पेरणीच्या दिवशी

वापसा बघा. चिखलात पेरणी ढकलू नका आणि कोरड्यातही. एक रेप्लिकेशन सुरू केलं की ते त्याच दिवशी, त्याच माणसांकडून संपवा. मार्करने ओळी पाडा, खत आधी, त्याच्या बाजूला थोडं वर बियाणं, मग माती. प्लॉट संपला की रिकाम्या पुड्या मोजून घ्या. वीस हव्यात. एकोणीस भरल्या तर एक ओळ कोरी गेली किंवा पुडी भरलेलीच कुठेतरी पडली.

मजुरांना प्रयोग समजावून सांगा. हे मी मनापासून सांगतो, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे. माझ्या दुसऱ्या हंगामात नत्राच्या मात्रांचा प्रयोग होता आणि त्यात बिनखताचे तीन प्लॉट. तीन आठवड्यांनी युरियाचा दुसरा हप्ता देताना एका मावशींनी उरलेला युरिया त्यांतल्या एका प्लॉटात टाकला. आठ दिवसांनी तो प्लॉट गर्द हिरवा झाला तेव्हा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अवो, लई बारीक राहिला होता, जीव तुटला. म्हणून मूठ टाकली." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं आणि त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो प्लॉट बाद धरावा लागला. त्यानंतर प्रत्येक हंगामात मी पहिल्या दिवशी सगळ्यांना बांधावर बसवून दहा मिनिटं सांगतो: हा प्लॉट उपाशी ठेवायचा आहे, याला हात लावायचा नाही, आणि का. त्याच मावशींनी पुढे दोनदा माझीच चूक धरून दिली.

नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायचे की नाही हेही तांत्रिक कार्यक्रम पाहून ठरवा. उगवणीचाच प्रयोग असेल तर रिकामी जागा हीच नोंद असते.

नोंदी: या कामाचा जीव

फील्डबुक पेन्सिलीने लिहा. दवाने आणि घामाने शाई पसरते. आकडा चुकला तर खोडरबर वापरू नका. एक आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, सही करा. जुना आकडा वाचता आला पाहिजे. चिठोऱ्यावर, हातावर, सिगारेटच्या पाकिटावर लिहून "संध्याकाळी उतरवतो" म्हणणारे मी पाहिले आहेत. संध्याकाळी त्यातल्या निम्म्या गोष्टी आठवणीने भरल्या जातात. रोज शेतातून निघताना त्या दिवसाच्या पानाचा फोटो घ्या.

निरीक्षणासाठी झाडं निवडताना डोळा फसवतो. चांगलं, उंच, बांधाजवळचं झाड आपोआप हाताशी येतं. म्हणून प्लॉटमध्ये शिरण्याआधीच ठरवा: पाचव्या ओळीत तीन पावलं, नवव्या ओळीत पाच पावलं. तिथे जे झाड येईल ते तुमचं, मग ते खुरटं असो. पाच झाडांना दोरा किंवा टॅग बांधा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. गव्हाची उंची जमिनीपासून ओंबीच्या टोकापर्यंत, कुसळं सोडून. फुटवे एक मीटर ओळीत मोजायचे आणि त्या मीटरची जागाही सुरुवातीलाच काड्या रोवून पक्की करायची. ओंबी आलेले फुटवे वेगळे मोजा, तेच उत्पादन देतात.

निम्म्या झाडांची ओंबी बाहेर पडली तो दिवस नोंदवायचा असतो. हे घरी बसून अंदाजाने लिहिता येत नाही. त्या आठवड्यात रोज, निदान एक दिवसाआड, प्रत्येक प्लॉटपुढे उभं राहावं लागतं. वाणांमधला फरक कधी कधी दोन-तीन दिवसांचाच असतो आणि उशिरा पेरणीसाठी वाण निवडताना नेमका तोच फरक बघितला जातो.

तांबेरा रोगाची नोंद सर्वांत कठीण. पानावरचा किती टक्के भाग व्यापला आणि पुटकुळ्या कशा आहेत, दोन्ही बघायचं. 40 एस लिहिलं तर 40 टक्के भाग व्यापलेला आणि वाण बळी पडणारा. पहिल्या हंगामात एकट्याने हे करू नका. अनुभवी माणसाबरोबर दोघांनी वेगवेगळं लिहा, मग ताडून बघा. दहा-बारा प्लॉटनंतर डोळा बसू लागतो.

आता सर्वांत उपयोगी नियम. निरीक्षण घेताना थकलात, पाऊस आला, जेवणाची वेळ झाली, तर रेप्लिकेशन संपवून थांबा, मधेच नाही. दोघं जण काम वाटून घेणार असाल तर रेप्लिकेशननुसार वाटा: 100 चे एकाने, 200 चे दुसऱ्याने. प्रत्येकाचा डोळा थोडा वेगळा असतो. एक जण कडक मोजतो, दुसरा सैल. रेप्लिकेशननुसार वाटलं की तो फरक आठही वाणांना सारखा लागतो आणि गणितात वेगळा काढता येतो. वाणानुसार वाटलं, तर तुमच्या डोळ्यांतला फरक वाणांमधला फरक म्हणून छापला जातो.

आणि जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. तुम्ही आजारी होता, लग्नाला गेला होता, रस्ता वाहून गेला होता, तर जागा कोरी ठेवा आणि कारण लिहा. रिकाम्या जागेचा हिशेब करण्याच्या रीती संख्याशास्त्रात आहेत. शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढून भरलेला आकडा मात्र कुणालाच ओळखता येत नाही, आणि पुढे त्याच्यावर शिफारस उभी राहते. ती चारही विद्यापीठांच्या जॉइंट अॅग्रेस्कोच्या, म्हणजे संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या, बैठकीत मांडली जाते, मंजूर होते आणि पुढच्या वर्षी कुणीतरी कर्ज काढून त्यावर विश्वास ठेवतो.

हवामानाची नोंद

केंद्रावर वेधशाळा असेल तर तिची पाळी तुमच्यावर येणारच. पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा आणि तो त्याआधीच्या 24 तासांचा. मोजपात्र सपाट ठेवा, डोळा पाण्याच्या पातळीत आणा आणि वक्राचा खालचा काठ वाचा. पांढऱ्या जाळीदार पेटीत कमाल, किमान, कोरडा आणि ओला असे चार तापमापी असतात. ओल्या तापमापीची मलमल मळकी झाली की आर्द्रता चुकीची येते, म्हणून ती स्वच्छ आणि ओली ठेवा. वाचल्यावर कमाल आणि किमान तापमापी पुन्हा लावून ठेवायला विसरू नका. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस मोजतात. रविवारीही साडेआठ वाजतात, म्हणून सुट्टीची पाळी आधी ठरवून फळ्यावर लिहा.

फवारणी: घाई नको, उघडे हात नकोत

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विसरू नका. संशोधन केंद्रावर तर अजून नाव न मिळालेली, नुसता कोड असलेली औषधंही तपासायला येतात.

डब्यावरचा त्रिकोण आधी बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घातल्याशिवाय मजुराला पंप देऊ नका, आणि तुम्हीही उचलू नका. मार्चच्या उन्हात हे घालवत नाही हे खरं, म्हणून फवारणी सकाळी लवकर आटपा. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारायचं नाही. बोटाने नोझल साफ करायचा नाही, तोंडाने फुंकायचा तर मुळीच नाही.

मोजमाप साधं आहे. हेक्टरी 500 लिटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 मिलिलिटर, आपल्या प्लॉटला 900 मिलिलिटर. आधी साध्या पाण्याने तेवढ्याच जागेवर चालून बघा. तुमच्या चालीने 900 मिलिलिटर प्लॉट संपताना संपलं पाहिजे. आधी संपलं तर पावलं जलद टाका. शेजारच्या प्लॉटवर तुषार जाऊ नयेत म्हणून दोघांनी कापडाचा आडोसा धरावा.

तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा. त्याच्यावर लाल रंगाने लिहा. 2,4-डी चे थेंब राहिलेल्या पंपाने कपाशीवर कीटकनाशक फवारलं की पानं लांबट, अरुंद होऊन वाकडी होतात आणि प्रयोग तिथेच संपतो.

काढणी: नेट प्लॉट आणि वजन

कडेच्या ओळींना ऊन, वारा, पाणी जास्त मिळतं, म्हणून त्या जास्त पिकतात. फार लहान तुकड्यावरून उत्पादन काढलं की ते वाढून दिसतं, हे साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणीच्या अभ्यासातून दाखवून दिलं होतं. काठावरचं झाड आत धरायचं की बाहेर, या एका प्रश्नात हेक्टरी क्विंटल लपलेले असतात.

आपल्या प्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचं अर्धा मीटर सोडायचं. उरल्या 16 ओळी, म्हणजे 3.6 मीटर रुंदी, आणि 3 मीटर लांबी. नेट प्लॉट 10.8 चौरस मीटर. आधी बॉर्डर कापून शेताबाहेर न्या, मगच नेट प्लॉटला विळा लावा. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू केली की पेंढ्या मिसळतात.

प्रत्येक प्लॉटच्या पेंढीला दोन लेबलं: एक बाहेर, एक आत. मळणी यंत्र प्रत्येक प्लॉटनंतर रिकामं फिरवून, ब्रशने साफ करा. मळणीच्या वेळी सैल बाही, ओढणी, पदर बांधलेलाच हवा. काटा रोज सुरुवातीला ठरावीक वजनाने तपासा.

मग ओलावा. सगळ्या प्लॉटची वजनं एकाच ओलाव्यावर आणायची, तरच तुलना होते. प्लॉटमध्ये 4.5 किलो गहू आला आणि ओलावा 15.5 टक्के निघाला, तर 12 टक्के ओलाव्याला त्याचं वजन 4.5 गुणिले 84.5 भागिले 88, म्हणजे 4.32 किलो. त्याला 10.8 ने भागून 10,000 ने गुणलं की हेक्टरी 4,000 किलो, म्हणजे 40 क्विंटल. हेच चुकून 18 चौरस मीटरने भागलं तर 24 क्विंटल येतात. एक चांगला वाण एका भागाकारात नापास होऊ शकतो. म्हणून फील्डबुकाच्या पहिल्याच पानावर ग्रॉस आणि नेट प्लॉटचा आकार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पाखरांनी खाल्लं, रानडुकरं शिरली, वादळाने गहू लोळला, तर वजनाच्या शेजारी शेरा हवा: प्लॉट क्रमांक, तारीख, अंदाजे किती टक्के भाग. नुसता कमी आकडा पाहून शास्त्रज्ञ वाणाला दोष देतील.

दाण्याच्या वजनासाठी हजार दाणे मोजताना चांगले निवडून घेऊ नका, ढिगातून जसे येतील तसे घ्या. प्रत्येक प्लॉटचा अर्धा किलो नमुना कापडी पिशवीत, कडुलिंबाचा पाला घालून, आत-बाहेर लेबल लावून ठेवा आणि वार्षिक अहवाल मंजूर होईपर्यंत ती पिशवी कुणालाही देऊ नका. एका वर्षी मे महिन्यात 206 नंबरच्या प्लॉटच्या दाण्याच्या वजनावर शंका निघाली. दोन रेप्लिकेशनमध्ये 41 आणि 43 ग्रॅम, आणि याच्यात 24. पिशवी गोदामात होती, म्हणून आम्ही दोघांनी बसून पुन्हा हजार दाणे मोजले. 42 ग्रॅम भरले. फील्डबुकात पेन्सिलीने 42 च लिहिलेलं होतं. तक्त्यात उतरवताना माझ्या हातून आकडे उलटे पडले होते. तेव्हापासून उतरवलेला प्रत्येक तक्ता मी दुसऱ्याला मोठ्याने वाचायला देतो आणि मी मूळ पानावर बोट ठेवून ऐकतो.